अबू घ्रैब : तुरुंगवास सार्जंटपाशीच का थांबला?

सांगलीचा_पम्या

परवा रात्री झोप येईना म्हणून इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगाबद्दल वाचत बसलो ते थेट साडेतीन वाजले. 2004 ला मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, होस्टेलच्या मेसमधल्या टीव्हीवर ते फोटो बघितलेले आठवतात, डोक्यावर काळी खोळ घातलेला माणूस खोक्यावर उभा आणि हातांना वायरी. तेव्हा डोक्यात राहिलं ते एवढंच की अमेरिकन शिपायांनी इराकी कैद्यांचे हाल केले, पकडले गेले, शिक्षा झाली. विषय संपला.

आता नीट वाचलं तर हिशेबच लागत नाहीये. एकूण 11 जणांवर गुन्हा शाबित झाला आणि अकराच्या अकरा खालच्या रँकचे. ग्रेनरला 10 वर्षं, फ्रेडरिकला 8, ती फोटोत कैद्याच्या गळ्यातला पट्टा धरलेली लिंडी इंग्लंड तिला 3, बाकीच्यांना काही महिने, एकदोघांना तर तुरुंगच नाही. यात सगळ्यात मोठा हुद्दा कोणाचा तर फ्रेडरिकचा, स्टाफ सार्जंट, म्हणजे आपल्याकडचा साधारण हवालदार. त्याच्या वर लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल, जनरल एवढी मोठी शिडी आहे आणि त्यातला एकही माणूस एक रात्रसुद्धा आत गेला नाही??

माझा प्रश्न सरळ आहे. सैन्यात वरच्याच्या हुकमाशिवाय पान हलत नाही असं आपण ऐकतो. मग पान हललं तेव्हा वरचे कुठे होते? की कायद्यातच अशी सोय आहे की खालच्यानेच मरायचं? आर्मीतले किंवा कायद्यातले कोणी असतील तर सांगा. राजकारण नको प्लीज, बुश चांगला की वाईट वगैरे.

काळा_डगला

राजकारण नको म्हणता पण ते पूर्ण टाळता येणार नाही पम्याभाऊ, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. आधी कायदा सांगते.

अमेरिकन लष्कराचा स्वतःचा फौजदारी कायदा आहे. त्यात कैद्याशी क्रूर वागणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि ज्याने ते केलं त्याच्यावर तो सिद्ध करायला फोटो पुरतात. इथे तर आरोपींनीच फोटो काढलेले, हसत, अंगठा वर करून. वकिलाला काय उरलं? पण अधिकाऱ्यावर तोच गुन्हा लावायचा तर त्याने हुकूम दिला किंवा मुद्दाम काणाडोळा केला हे दाखवावं लागतं. 'तुझ्या हाताखाली झालं म्हणून तू गुन्हेगार' असा स्वतंत्र गुन्हा त्या कायद्यात नाही. म्हणून अधिकाऱ्यांवर फार तर कर्तव्यात कसूर लावतात, आणि तेही बरेचदा कोर्टापर्यंत न नेता वरिष्ठांच्या टेबलावर मिटवतात. कर्नल पापास, तिथल्या गुप्तवार्ता ब्रिगेडचा प्रमुख, त्याला ठपका, 8,000 डॉलर दंड आणि कमांड काढून घेतली. मिलिटरी पोलीस ब्रिगेडची प्रमुख ब्रिगेडियर जनरल कार्पिन्स्की, तिला एक पायरी उतरवून कर्नल केलं. लेफ्टनंट कर्नल जॉर्डन हा एकच अधिकारी ज्याचं कोर्ट मार्शल झालं, 2007 मध्ये. कैद्यांच्या छळाच्या आरोपांतून सुटला. दोषी ठरला तो कशात, तर चौकशीबद्दल बोलू नकोस असं सांगितलेलं असताना बोलला म्हणून! आणि 2008 च्या जानेवारीत तेही रद्द केलं.

लिंडी इंग्लंडच्या खटल्यातला एक भाग मला फार शिकवून गेला. मे 2005 मध्ये तिने गुन्हा कबूल केला होता. शिक्षा किती द्यायची एवढंच उरलं होतं. तेव्हा बचावाकडून ग्रेनर साक्षीला आला आणि म्हणाला की पट्ट्याचा प्रकार ही कैद्याला कोठडीबाहेर काढायची रीतसर पद्धत होती, फोटो ट्रेनिंगसाठी. झालं, जज कर्नल पोल यांनी तिथेच थांबवलं. पद्धत रीतसर होती असं म्हणायचं असेल तर मग गुन्हा कबूल कसा करता? कबुलीच फेटाळली, खटला परत पहिल्यापासून, सप्टेंबरमध्ये 3 वर्षं. आपल्या कोर्टात हे चित्र बघायला मिळणं कठीण, इथे कबुली म्हणजे बोर्डावरची एक केस कमी झाली म्हणून सगळे खूश.

खेकडा

तुम्ही लोक म्हणजे ना. सौरभ कालियांचं काय झालं ते विसरलात का सगळे? 1999, कारगिल. पाकिस्तान्यांनी काय हाल केले त्यांचे आणि त्यांच्या पाच जवानांचे. त्यावर कोणाचं कोर्ट मार्शल झालं? अमेरिकेने निदान 11 जणांवर तरी गुन्हा शाबित केला. अतिरेक्यांना काय हार घालायचे होते का?

सांगलीचा_पम्या

@खेकडा कालियांचं कोण विसरेल हो. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने जातंय. कैद्याचे हाल झाले आणि कोणालाच जाब विचारला गेला नाही म्हणून तर आपल्याला अजून चीड येते. आणि 'अतिरेकी' म्हणताय ते तपासा. रेड क्रॉसने फेब्रुवारी 2004 च्या अहवालात लिहिलंय, लष्करी गुप्तवार्ता अधिकाऱ्यांनीच त्यांना सांगितलं की इराकमध्ये धरलेल्यांपैकी 70 ते 90 टक्के लोक चुकून धरलेत. म्हणजे रात्री घरात घुसून जो हाताला लागेल तो पुरुष ट्रकमध्ये.

मेरीलँडकर

मी गेली 14 वर्षं अमेरिकेत मेरीलँडमध्ये आहे. यातले बरेचसे शिपाई ज्या 372 व्या मिलिटरी पोलीस कंपनीतले ती इथलीच, क्रेसॅपटाउनची, पश्चिमेकडे डोंगरात कंबरलँडच्या जवळ. फॉल कलर्स बघायला आपली मंडळी तिकडे जातात, मी पण दोनदा गेलोय. कंबरलँडमधल्या मोठमोठ्या गिरण्या-कारखाने कधीच बंद पडले, त्यामुळे पोरं सैन्याच्या राखीव दलात नाव घालतात, महिन्यातून एक वीकेंड कवायत आणि कॉलेजच्या फीची सोय. लिंडी इंग्लंडची कामाची जागा कागदपत्रांची होती, फायली लावायची, कैदी सांभाळायचं ट्रेनिंगच नाही. उलट ग्रेनर आणि फ्रेडरिक दोघे घरी असताना तुरुंगातच नोकरीला होते, म्हणजे 'आम्हाला काही माहीत नव्हतं' हे त्या दोघांना म्हणायची सोय नाही.

पण मला सांगायचंय ते जो डार्बीबद्दल, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्याच कंपनीतला, 24 वर्षांचा. त्याने ग्रेनरकडे इराकचे फोटो मागितले, त्याला वाटलं उंट-वाळवंट असेल, ग्रेनरने सीडी दिली आणि त्यात हे निघालं. काही दिवस त्याने डोकं धरून विचार केला असणार कारण हे सगळे त्याच्या ओळखीचे, एकत्र जेवणारे. शेवटी जानेवारी 2004 मध्ये सीडी लिफाफ्यात घालून निनावी चिठ्ठीसकट लष्करी तपास खात्याला दिली, मग स्वतः पुढे झाला. नाव गुप्त ठेवू असं सांगितलं होतं त्याला. आणि 7 मे ला तेव्हाचा संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड सिनेटसमोर साक्ष देताना टीव्हीवर त्याचं नाव घेऊन मोकळा! कौतुकच करत होता म्हणे. डार्बी तेव्हा इराकमध्येच मेसमध्ये बसून जेवत होता, आजूबाजूला शेकडो सैनिक आणि समोर टीव्ही.

गावात कोणी शाबासकी दिली, कोणी गद्दार म्हटलं. पुढे तो त्या गावात राहायला परत गेलाच नाही. 2005 मध्ये त्याला केनेडींच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार मिळाला, बायकोला आणि त्याला बरेच दिवस पहाऱ्यात राहावं लागलं. ग्रेनर मात्र साडेसहा वर्षांत बाहेर आला, 2011 ला.

रिटायर्ड_सुभेदार

पम्या बेटा, 28 साल पायदळात काढली. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

'वरच्याच्या हुकमाशिवाय पान हलत नाही' हे सिनेमातलं आहे. पलटणीत दिवसभरात शंभर पानं हलतात, साहेबाला त्यातली दहा माहीत असतात. बाकीची सुभेदार-हवालदारांच्या भरवशावर. आमच्या कायद्यात पण हुकूम मोडला तर शिक्षा आहे, पण शब्द काय आहे तर 'कायदेशीर हुकूम'. साहेबाने कैद्याला मार म्हणून सांगितलं तर तो हुकूमच नव्हे, तिथे नाही म्हणता येतं. म्हणता येतं हे कागदावर बरं का. 19 वर्षांच्या पोराला मेजरसमोर नाही म्हणायला काय लागतं ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

मी तुम्ही दिलेलं सगळं वाचलं आणि मला एकच गोष्ट डोळ्यात आली. तो सगळा प्रकार नाईट शिफ्टला झाला. महिनोन्महिने. एका बराकीत. मग रात्री राउंडला कोण जात होतं? आमच्याकडे क्वार्टर गार्डला, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याच्या चौकीला, रात्री कोणत्याही वेळी ड्यूटी ऑफिसर येऊन उभा राहतो, बूट चमकत नसले तरी पेशी होते. त्या तुरुंगात कोणी ऑफिसर रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन चक्कर मारत नव्हता काय? मारत असेल तर त्याने बघितलं, आणि मारत नसेल तर तोच त्याचा गुन्हा. मला तरी तिसरं उत्तर सुचत नाही.

आणि कैदी 7,000 आणि पहाऱ्याला 90 माणसं हे वाचून डोकं फिरलं. अहो आमच्याकडे म्हशी पण असल्या हिशेबात राखत नाहीत.

काळा_डगला

सुभेदारसाहेब, एका परिच्छेदात तुम्ही सांगितलंत ते लष्कराकडूनच चौकशी करणाऱ्या जनरल फे यांनी अख्खा अहवाल लिहून सांगितलं. त्यांनी छळाच्या 44 घटना मोजल्या, आणि गुप्तवार्ता ब्रिगेडच्या 27 जणांनी पहारेकऱ्यांना हे करायला सांगितलं, उत्तेजन दिलं किंवा चालू दिलं असं लिहिलं. म्हणजे 'सात-आठ नासके आंबे' ही जी सरकारची टेप वाजत होती ती लष्कराच्याच कागदाने खोडली.

आता आंबे नासले कुठून ते पण बघा, हेच ते राजकारण. फेब्रुवारी 2002 मध्ये बुशने सही केली की अल कायदाला जिनिव्हा करार, म्हणजे युद्धातल्या कैद्यांना माणुसकीने वागवायचा करार, लागू नाही. डिसेंबर 2002 मध्ये रम्सफेल्डने क्युबातल्या ग्वांतानामोच्या अमेरिकन तुरुंगासाठी चौकशीच्या पद्धती मंजूर केल्या: कपडे काढणं, तासन्तास उभं करणं, कुत्र्यांची भीती घालणं. त्या कागदावर त्याने हाताने लिहिलंय की मी रोज 8 ते 10 तास उभा असतो, मग यांचं उभं राहणं 4 तासांवर का थांबवलं? सहा आठवड्यांत ती परवानगी मागे घेतली म्हणा. पण ऑगस्ट 2003 मध्ये ग्वांतानामोचा प्रमुख जनरल मिलर बगदादला आला आणि सल्ला देऊन गेला की पहारेकऱ्यांनी चौकशीसाठी कैद्यांची 'तयारी' करून ठेवावी. लगेच सप्टेंबरमध्ये इराकमधला सर्वोच्च कमांडर सांचेझ याने चौकशीत कुत्री वापरायला मंजुरी देणारा कागद काढला, महिन्याभरात तोही बदलला. कागद बदलतात हो, खाली पोचलेली हवा बदलत नाही. तिकडे नाईट शिफ्टमधल्या ग्रेनरला कोणी सही-शिक्क्याचा हुकूम दिला नसेल, पण 'काल रात्रीचा कैदी बोलला बरं का, असंच चालू दे' एवढं पुरतं.

लोक इथे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मला पटत नाही. ग्रेनर संन्यासी नव्हता. चोर होताच, पण त्याला चावी देणारा सुटला.

झिंगालाला

तो स्टॅनफर्डचा प्रयोग माहितीये ना, 1971, कॉलेजच्या मुलांना पहारेकरी आणि कैदी बनवलं आणि सहा दिवसांत बंद करावा लागला. तो करणारा झिंबार्डो फ्रेडरिकच्या बाजूने साक्षीला गेला होता, परिस्थितीच माणसाला असं करते म्हणून. जजवर काही परिणाम झाला नाही, 8 वर्षं दिलीच. आणि मागाहून त्या प्रयोगाबद्दलही निघालं की पहारेकऱ्यांना कडक वागा म्हणून आधी सांगून ठेवलेलं. म्हणजे तिथेपण वरून हुकूम होताच की 😀

खेकडा

@काळा_डगला मॅडम मान्य, पण मग तुम्हाला काय पाहिजे, युद्धातल्या जनरलला शिपायाने कुठे काय केलं म्हणून फासावर द्यायचं? असं झालंय का जगात कधी?

काळा_डगला

झालंय, आणि अमेरिकेनेच केलंय. 1942 मध्ये फिलिपिन्समधल्या बटानला जपान्यांनी हजारो अमेरिकन आणि फिलिपिनो युद्धकैद्यांना उन्हातून उपाशी चालवत नेलं, वाटेत मारले, भोसकले. तिथला जपानी सेनापती होम्मा. युद्ध संपल्यावर मनिलात खटला झाला, त्याचं म्हणणं की मी पुढच्या लढाईत गुंतलो होतो, मला कळलंच नाही. अमेरिकन लष्करी न्यायमंडळाने ते ऐकलं नाही, 3 एप्रिल 1946 ला त्याला गोळ्या घातल्या. तुला कळायला पाहिजे होतं, हाच न्याय.

आता यातला योगायोग बघा, मला तर अंगावर काटा आला. अबू घ्रैबची पहिली मोठी चौकशी ज्याने केली तो मेजर जनरल अँतोनियो तागुबा, त्याचा जन्म मनिलाचा. त्याचे वडील बटानला लढलेले, त्या मोर्चातल्या कैद्यांतले. म्हणजे बापाचे हाल झाले त्याबद्दल सेनापतीला गोळ्या घातल्या गेल्या, आणि पोरगा साठ वर्षांनी आपल्याच सैन्यातल्या छळाची चौकशी करतोय, त्याला अधिकार किती दिले होते तर मिलिटरी पोलीस ब्रिगेडपुरते. त्याच्या वर बघायचं नाही. त्याने तेवढ्यातही काही लपवलं नाही, सरळ अमानुष आणि गुन्हेगारी कृत्यं म्हणून लिहिलं. अहवाल फुटला, एप्रिलच्या शेवटी फोटो टीव्हीवर आले. तागुबाला जानेवारी 2006 मध्ये फोन आला, जानेवारी 2007 पर्यंत निवृत्त व्हा म्हणून.

होम्मासाठी एक माप, सांचेझसाठी दुसरं. जिंकणाऱ्याचा जनरल कधी फासावर जात नाही, एवढंच तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर आहे खेकडाभाऊ.

मेरीलँडकर

एक भर. पैशाच्या बाजूने थोडं हललंय. तिथे चौकशीला खाजगी कंपन्यांची माणसं पण होती, त्यांच्यावर तेव्हा कोर्ट मार्शल चालत नव्हतं. तीन इराकींनी 2008 मध्ये सीएसीआय नावाच्या कंपनीवर दावा लावला, तो व्हर्जिनियात चालला. कंपनीने 20 वेळा तरी दावा फेटाळा म्हणून अर्ज केले. एप्रिल 2024 ला खटला उभा राहिला, पण ज्यूरीचं एकमत झालं नाही. परत नोव्हेंबर 2024 ला दुसऱ्या ज्यूरीने तिघांना मिळून 42 मिलियन डॉलर द्या म्हणून सांगितलं. सोळा वर्षं. त्यातले एक तर पत्रकार होते, बातमी करायला गेले आणि आत टाकले गेले.

आणि अल जमादी म्हणून जो कैदी नोव्हेंबर 2003 मध्ये सीआयएच्या चौकशीत तिथे मेला, ज्याच्या बर्फात ठेवलेल्या प्रेताशेजारी फोटो काढले, त्याच्या मृत्यूला लष्करी डॉक्टरांनी मनुष्यवध म्हटलं होतं. फोटो काढणाऱ्यांना शिक्षा झाली. मृत्यूबद्दल कोणालाच नाही. 2012 मध्ये फाइल बंद.

सांगलीचा_पम्या

हे शेवटचं वाचून सुन्न झालो.

आपल्याकडे काय स्थिती आहे? सुभेदारसाहेब रागावू नका, पण काश्मीरमधल्या माछिलच्या बनावट चकमकीच्या प्रकरणात 2014 ला लष्करी कोर्टाने कर्नलसकट पाच जणांना जन्मठेप दिली तेव्हा वाटलं होतं बघा आपल्याकडे कर्नल पण सुटत नाही, आणि 2017 मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. डिसेंबर 2023 मध्ये पूंछला तीन गावकरी चौकशीला नेले ते जिवंत परत आले नाहीत.

रिटायर्ड_सुभेदार

रागावतो कशाला. चूक ती चूक. पूंछचं ऐकलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. अशांत भागात सिव्हिल कोर्टात केस चालवायची तर दिल्लीची मंजुरी लागते आणि ती मिळाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पण डूज अँड डोन्ट्स म्हणून यादी असते, सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये ती पाळणं बंधनकारक केलंय. आमच्याकडे रोल कॉलला वाचून दाखवायचे. पोरं जांभया देत ऐकायची ते सोडा.

एक सांगतो, जागा आणि पलटण सांगणार नाही. आमच्या गाडीवर स्फोट झाला होता, एका पोराचा पाय गेला. तिसऱ्या दिवशी रात्री एक संशयित धरला. माझी पोरं दातओठ खात होती, त्यातला एक तर पाय गेलेल्याच्याच गावचा, कऱ्हाडकडचा. मी समजावत होतो पण खरं सांगू, माझ्याही मनात होतं की दोन ठेवून द्याव्यात. आमचा कंपनी कमांडर मेजर, वय तीस-बत्तीस. तो आला, कोणाला काही बोलला नाही, भाषण नाही, दम नाही. मेसमधली एक लोखंडी खुर्ची उचलून आणली आणि त्या खोलीच्या दारात टाकून बसला. थंडी मरणाची. पहाटे पाचपर्यंत बसला. मी दोनदा चहा नेऊन दिला.

सांगलीचा_पम्या

आणि तो माणूस? खरंच त्यानेच केलं होतं का?

रिटायर्ड_सुभेदार

ते आम्हाला कधीच कळलं नाही बेटा. सकाळी डॉक्टरकडून तपासून घेतला आणि पोलीस ठाण्यात जमा केला. ठाणेदार घाईत होता, नुसती सही करून पावती देत होता. मेजर साहेबांनी पावती परत दिली आणि त्यावर लिहून घेतलं की अंगावर ताजी जखम नाही. मग जीपमध्ये बसले आणि बसल्या बसल्या झोपले.